निशाणी ३४

देवगडच्या कोर्टातला पंखा तीनवरच अडकलेला असतो,
म्हणून शिरस्तेदार कागदांवर जांभ्याचा तुकडा ठेवतात.
दावा जांभ्याचाच होता. एकशे चौदा पायऱ्या,
दांडेवाडीच्या पुळणीपासून सड्यावरच्या एस.टी. थांब्यापर्यंत,
वेलणकरांच्या कलमांमधून, विहिरीला वळसा घालून.

गावनकाशात ती पाखाडी म्हणजे एक तुटक रेष.
सातबाऱ्यावर काही नाही.
शिरोळकरांनी बाग विकत घेतली, गडगा घातला,
गडग्याला लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप,
आणि कुलपाला मी.

तुटक रेष हा पऱ्या आहे, असं मी म्हटलं.
पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी वाहतं की नाही?
वाहतं, तलाठी म्हणाला.
तो प्रश्न तिथे मिटला.

वादी अकरा जणी, डोक्यावर टोपली नसल्याने
माना कशा ठेवायच्या ते न कळलेल्या.
द्वारकाबाई तारी शेवटच्या.
वय विचारलं तर म्हणाल्या, "आगबोट येय तेव्हा मी शेंबडी."
टंकलेखकाने टाइप केलं: अंदाजे सत्तर.

मी उलटतपासाला उठलो.
माझा आवाज गोड आहे. तालुक्यात तेवढंच माझं नाव आहे.
बागेत शिरताना हाक मारायचात ना, बाई?
"मारूक नको तर! येतंय हां, म्हणान."
आणि घरातून?
"काकी म्हणी, ये गे."
रोज?
"रोज."
टोपलीतलं काही द्यायचात?
"चार बांगडे. नायतर तारले. पावसात सुको.
काकी होती तवसर."

निशाणी चौतीस, पान दोन:
*हे म्हणणे खरे आहे की, सदर मिळकतीत प्रवेश करतेवेळी
मी मालकास विचारत असे.
हे म्हणणे खरे आहे की, मालक मला येऊ देत असत.
हे म्हणणे खरे आहे की, त्याबदल्यात मी मासळी देत असे.*
वाचून दाखवलं. बरोबर आसा, म्हणाल्या.
त्यांच्या वकिलाने मान वर केली
तोवर अंगठ्याची शाई वाळली होती.

कायद्याला वीस वर्षं लागतात,
उघडपणे, बिनहरकत, हक्काने चाललेली.
विचारून आला तो पाहुणा,
त्याची वाट होत नाही.
पन्नास वर्षांत एकदा जरी ती बाई
हाक न मारता, शिव्या घालत, कुणाच्या बापाला न जुमानता
त्या पायऱ्या चढली असती,
तर मी हरलो असतो.

फेरतपासात त्यांच्या वकिलाने विचारलं खरं,
हाक कशासाठी?
"न्हाणी वाटेरच. काकी आंघूळ करीत असली तर?"
सगळे हसले. जज्जसाहेबसुद्धा.
हसू टाइप होत नाही.
ते वाक्यही झालं नाही.

आता त्या खाजणाकडून जातात,
डांबरी रस्त्याने, साडेचार किलोमीटर,
रिक्षाचे साठ रुपये, मासळीचा वास येतो म्हणून सत्तर.
शिरोळकरांकडून दोन पेट्या आल्या, पाच डझनी.
वरच्या थरात एक आंबा डागी होता, बाकी चांगले.

परवा अपिलाच्या नकला घ्यायला आलेल्या.
नक्कल शाखेकडचा बोळ अरुंद आहे,
एका बाजूला जुन्या दफ्तरांची कपाटं.
मी मध्येच उभा, फोनवर, पाठमोरा.
मागून आवाज आला,
घाईचा नाही, रागाचा नाही,
"येतंय हां."

फाईल पोटाशी धरून
मी बाजूला झालो.